गाठींची खानेसुमारी

ज्याने कधी धान्याचे पोते बांधले आहे किंवा बैलाचे दावे खुंट्याला अडकवले आहे, त्याला गाठीचे दोन भेद कोणी शिकवावे लागत नाहीत: एका ओढीसरशी जी सुटते ती सुरगाठ, आणि ओढावी तसतशी जी अधिकच आवळत जाते ती निरगाठ. गणितज्ञाचा प्रश्न मात्र या दोहोंहून निराळा आहे. तो प्रथम दोरीची दोन्ही टोके एकमेकांना सांधून टाकतो, जेणेकरून टोक ओढून घेऊन गाठ सोडवण्याची पळवाटच उरू नये, आणि मग विचारतो की ही बंद दोरी, न कापता, केवळ ओढूनताणून आणि वळवून, साध्या कड्यासारखी करता येईल काय. एका ओढीत सुटणारी सुरगाठ या परीक्षेत मुळी गाठच ठरत नाही, कारण टोके सांधल्यावरही तिचा फासा मागे ओढून घेतला की कडे मोकळे होते. उलट, दोरीला एक साधा अढा देऊन टोके सांधली तर जी आकृती होते, तिच्या तीन पाकळ्या बेलाच्या पानासारख्या दिसतात, आणि ती काही केल्या सुटत नाही. तिला आपण त्रिदल गाठ म्हणू. दोरी दोरीवरून जाते अशी तीनच स्थळे तिच्या चित्रात असतात. अशा स्थळाला ओलांडणी म्हणावे, आणि जितक्या कमीत कमी ओलांडण्यांत एखादी गाठ कागदावर काढता येते तितकी तिची प्रत समजावी, एवढा परिभाषेचा शिधा पुढील प्रवासाला पुरेसा आहे.

या शास्त्राचा इतिहास सांगताना विद्वान लोक सहसा सिद्धांतांचा इतिहास सांगतात. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. माझ्या समजुतीने गाठींचे शास्त्र हे मुळात एका फेरिस्तीचे, एका नोंदवहीचे शास्त्र आहे. वही आधी झाली, ती का खरी मानावी याचे प्रमाण पन्नास वर्षांनी आले, आणि तिची रुजुवात घालण्याचे काम तर आजही, संगणकाच्या आज्ञावलीत, कोणी ना कोणी चिकाटीचा कारकून करीतच आहे.

वहीचा आरंभ धुरात झाला. १८६७ च्या जानेवारीत एडिंबरो विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे अध्यापक पीटर गथ्री टेट यांनी एक खोके घेतले, त्याच्या एका बाजूस वाटोळे भोक पाडले, समोरच्या बाजूस कापड ताणून बसवले, आत रसायनांचा दाट पांढरा धूर केला आणि कापडावर हाताने थाप मारली. भोकातून धुराचे वलय बाहेर पडे आणि खोलीभर तरंगत जाई. दोन वलये आपटली तर ती रबरी कड्यांसारखी थरथरत आणि परत आपापल्या आकारात येत. पाहणाऱ्यांत ग्लासगोचे विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या पदवीने प्रसिद्धी पावलेले गृहस्थ, होते. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडितांनी १८५८ साली गणिताने दाखवून दिले होते की घर्षणरहित द्रवात उत्पन्न झालेला भोवरा कधी नष्ट होत नाही. टॉमसन यांच्या मनात या दोन गोष्टींची सांगड बसली आणि सुमारे महिन्याभरातच त्यांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, की विश्व व्यापून राहिलेल्या ईथरमधील असे भोवरेच परमाणू होत. साधे वलय हा एक मूलपदार्थ, त्रिदल गाठीच्या रूपाने गुंतलेले वलय हा दुसरा, आणि गाठीचे प्रकार जितके तितक्या मूलपदार्थांच्या जाती.

ही कल्पना आज हास्यास्पद वाटते. पण तिच्यात एक गोष्ट फार मोठी होती. परमाणू अभंग का, आणि तरी त्यांच्या जाती निरनिराळ्या का, या दोन्ही प्रश्नांना तिने एकाच दमात उत्तर दिले होते. आणि तिचे व्यावहारिक फलित असे की, गाठींच्या प्रकारांची यादी करणे हे एकाएकी सृष्टीच्या मूळ घटकांची यादी करण्याइतके निकडीचे झाले.

टेट यांनी ते काम १८७६ च्या सुमारास हाती घेतले. सात ओलांडण्यांपर्यंतच्या गाठी त्यांनी एकट्याने, कागदावर आकृत्या काढून आणि खोडून, निश्चित केल्या: तीन ओलांडण्यांची एक, चारांची एक, पाचांच्या दोन, सहांच्या तीन, सातांच्या सात. चार ओलांडण्यांच्या गाठीला तिकडे आठाच्या आकड्याची गाठ म्हणतात. बाळबोधातला आठ डोळ्यापुढे आणणाऱ्या वाचकाला तो दृष्टांत उलगडणार नाही, त्याने इंग्रजी आठ आठवावा. आरशात पाहिली तरी ही गाठ तीच राहते. त्रिदल मात्र आरशात उलटते आणि एक डावे, एक उजवे अशी दोन त्रिदले होतात. पण वहीत दोघांची नोंद एकाच नावाने करण्याची वहिवाट टेट यांच्यापासूनच पडली. हा लहानसा संकोच लक्षात ठेवावा. शतकानंतर त्याने बराच उपद्रव दिला आहे.

सातांच्या पुढे एका माणसाचा हात अपुरा पडू लागला. लँकशायर परगण्यातील क्रॉफ्ट गावचे धर्मोपदेशक टॉमस पेनिंग्टन कर्कमन, ज्यांना बहुपृष्ठ घनाकृतींचा मोठा व्यासंग होता, त्यांनी आकृत्यांचे भारे टेट यांच्याकडे पाठवले, आणि टेट यांनी त्यांतील एकाच गाठीची निरनिराळी सोंगे ओळखून वेगळी काढली. तिकडे अमेरिकेत नेब्रास्का येथे चार्ल्स न्यूटन लिटल हे स्थापत्यविद्येचे अध्यापक स्वतंत्रपणे त्याच कामाला लागले होते, आणि टेट व लिटल यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या. दहा ओलांडण्यांपर्यंतच्या ज्या गाठींत दोरी आळीपाळीने वरून-खालून जाते, त्या अशा रीतीने १८८५ पर्यंत नोंदल्या गेल्या. ज्यांत तशी आळीपाळी नाही, अशा दहा ओलांडण्यांच्या गाठींचे अवघड प्रकरण एकट्या लिटल यांच्याकडे राहिले. त्यांनी त्यावर सहा वर्षे घालवली आणि १८९९ साली त्रेचाळीस गाठींची यादी छापली.

तोवर ज्या इमारतीसाठी या विटा भाजल्या जात होत्या ती इमारतच कोसळली होती. १८८७ च्या मायकेलसन व मॉर्ले यांच्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नाही. टॉमसन यांनीही भोवऱ्यांचे परमाणू हळूहळू सोडून दिले. वही मात्र राहिली. सरकार बदलले तरी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी राही, तशी ती राहिली, आणि नव्या धन्याची वाट पाहू लागली.

नवा धनी विसाव्या शतकातील शुद्ध गणित होता, आणि त्याने आल्याबरोबर पहिला प्रश्न केला तो अगदी अडचणीचा होता: या गाठी वेगवेगळ्या आहेत हे कशावरून? टेट आणि लिटल यांच्याजवळ उत्तर नव्हते. दोन आकृत्या एकच आहेत हे त्यांना दाखवता येई, एकीची दुसरी करून. पण त्या एक नाहीत हे ते केवळ प्रयत्न करून थकल्यावर मानीत. त्रिदल गाठ खरोखरच गाठ आहे, साधे कडे नव्हे, याचा पुरावा टीट्झे यांनी १९०८ साली दिला. डावे आणि उजवे त्रिदल भिन्न होत हे १९१४ साली मॅक्स डेन यांनी सिद्ध केले. १९२७ च्या सुमारास कुर्ट राइडमाइस्टर यांनी दाखवले की एकाच गाठीच्या कोणत्याही दोन आकृत्या तीन प्रकारच्या लहान हालचालींनी एकमेकींत पालटता येतात, आणि लगेच १९२८ साली प्रिन्स्टनच्या जेम्स अलेक्झांडर यांनी प्रत्येक गाठीला एक बहुपदी जोडून दिली, जी आकृती कितीही वाकवली तरी बदलत नाही. दोन गाठींच्या बहुपद्या निराळ्या निघाल्या की गाठी निराळ्या. एवढी सोय झाली. उलट दिशेने मात्र काही सांगता येत नसे, आणि आरशातल्या प्रतिबिंबापुढे ही बहुपदी आंधळीच होती.

१९७० साली इंग्लंडमधील जॉन कॉनवे यांनी दोरीच्या गुंत्याचे तुकडे करून त्यांना आकड्यांनी लिहिण्याची अशी एक चटपटीत लिपी प्रसिद्ध केली की टेट आणि लिटल यांच्या वर्षानुवर्षांच्या श्रमाचा फेरतपास त्यांना, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, एका दुपारी उरकता आला, आणि लिटल यांच्या यादीत सुटलेल्या गाठी सापडल्या. तरीही एक चूक त्यांच्या नजरेतून निसटली. ती १९७४ साली छापील रूपात उघडकीस आली, आणि ती दाखवून देणारे केनेथ पर्को हे धंद्याने न्यूयॉर्कचे वकील होते.

चूक अशी होती. लिटल यांच्या त्रेचाळीस गाठींपैकी दोन, ज्यांना पुढे डेल रॉल्फसन यांच्या १९७६ च्या प्रसिद्ध ग्रंथात दहा ओलांडण्यांच्या सदरातील १६१ आणि १६२ हे क्रमांक मिळाले, त्या वस्तुतः एकच होत्या. पंचाहत्तर वर्षे एकच असामी दोन नावांनी खानेसुमारीत मोजली जात होती. यात लिटल यांचा आळस नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दोरीला दिशा देऊन प्रत्येक ओलांडणीस धन किंवा ऋण चिन्ह द्यावे आणि त्यांची बेरीज करावी. कमीत कमी ओलांडण्यांच्या सर्व आकृत्यांत ही बेरीज एकच येते, असे लिटल समजून चालले होते. आळीपाळीच्या गाठींबाबत ते खरेही आहे, मात्र त्याचा पुरावा यायला आणखी जवळजवळ शतक जावे लागले. इतर गाठींबाबत ते खोटे आहे. या दोन आकृत्यांत एकीची बेरीज आठ येते आणि दुसरीची दहा, म्हणून लिटल यांनी त्यांना निःशंकपणे अलग ठेवले. चुकीचा नियम प्रामाणिकपणे पाळला तर असे होते.

पर्को यांच्या शोधाचे तात्पर्य वाचकाला वाटेल तितके सोपे नाही. दोन नोंदींची एक केली, म्हणजे पुढील क्रमांकांचे काय करायचे? काही लोकांनी १६२ चे खाते रिकामे ठेवले. काहींनी १६३ ते १६६ यांना एकेक पायरी खाली आणून १६२ ते १६५ केले. तेव्हापासून दहा ओलांडण्यांची १६३ वी गाठ म्हटले की पहिला प्रश्न हा, की कोणाच्या वहीतली? जमिनीच्या फेरमोजणीनंतर जुना गट क्रमांक आणि नवा गट क्रमांक यांच्या घोळात ज्यांची एखादी दुपार तलाठ्याच्या चावडीत गेली आहे, त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

१९८४ साली न्यूझीलंडचे वॉन जोन्स, जे त्या वेळी गाठींचा नव्हे तर क्रियाकारकांच्या बीजगणिताचा अभ्यास करीत होते, त्यांच्या हाती अनपेक्षितपणे एक नवी बहुपदी लागली, आणि तिला डावे-उजवे कळत होते. उजव्या त्रिदलाची जोन्स बहुपदी टी अधिक टीचा घन उणे टीचा चतुर्थ घात. डाव्याची तीच, पण सर्व घात ऋण. या शोधाने एवढी खळबळ उडाली की काही महिन्यांत चार निरनिराळ्या ठिकाणच्या गणितज्ञांनी एकाच व्यापक बहुपदीचा शोध लावला; १९८५ साली तो एकत्र छापला गेला आणि सहा आडनावांच्या आद्याक्षरांनी तिचे होमफ्ली असे नामकरण झाले. पोलंडच्या प्रझिटिकी आणि ट्राचिक यांनीही तीच बहुपदी शोधली होती, परंतु त्यांचे पत्र टपालात रेंगाळले. म्हणून काटेकोर माणसे नावापुढे त्यांची अक्षरे जोडतात. मौज अशी की बहुपदी एक, पण ती लिहिण्याच्या वहिवाटी तीन: कोणी एल् आणि एम् ही चलपदे घेतो, कोणी ए आणि झेड, कोणी व्ही आणि झेड. एका घरची बहुपदी दुसऱ्या घरी नेली तर ती ओळखूही येत नाही.

दरम्यान मोजणी यंत्राकडे गेली होती. डाउकर आणि थिसलथ्वेट यांनी १९८३ साली गाठ ही सम संख्यांच्या एका ओळीत लिहिण्याची युक्ती योजून तेरा ओलांडण्यांपर्यंत मजल मारली. जेफ विक्स यांनी, भूमितिज्ञ थर्स्टन यांच्या हाताखाली शिकत असता, गाठीभोवतालच्या अवकाशाची वक्र भूमिती मोजणारी स्नॅपपी ही आज्ञावली रचली; पुढे मार्क कलर आणि नेथन डनफील्ड यांनी तिला पायथन भाषेचा अंगरखा चढवला, तेव्हा नावाच्या शेवटचे स्पेलिंग तेवढे बदलले. १९९८ साली होस्ट, थिसलथ्वेट व विक्स यांनी सोळा ओलांडण्यांपर्यंतच्या १७,०१,९३६ गाठींची फेरिस्त जाहीर केली. तीत मला सर्वांत मोलाची वाटते ती संख्या नव्हे, तर पद्धत: होस्ट व विक्स यांनी एकीकडे आणि थिसलथ्वेट यांनी दुसरीकडे, निरनिराळ्या आज्ञावल्यांनी, स्वतंत्र याद्या केल्या आणि मग त्या ताडून पाहिल्या. टेट आणि लिटल यांच्या पत्रव्यवहाराचीच ही यांत्रिक आवृत्ती होय.

अशा रीतीने शतक संपताना वह्या पुष्कळ झाल्या, यंत्रे पुष्कळ झाली, आणि प्रत्येकाची भाषा निराळी. २००५ च्या फेब्रुवारीत विल्यम स्टाइन यांनी सेज या गणिती सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती काढली ती वस्तुतः गाठींसाठी नव्हे. ते स्वतः संख्यासिद्धांताचे अभ्यासक. पैसे मोजून घ्यावी लागणारी आणि आत डोकावू न देणारी जी गणिती सॉफ्टवेअरे होती, त्यांना मुक्त पर्याय उभा करावा, आणि तोही सारे नव्याने न रचता, ठिकठिकाणी आधीच तयार असलेली पारी, गॅप, मॅक्सिमा, सिंग्युलर यांसारखी उत्तम हत्यारे एका छपराखाली आणून, अशी त्यांची भूमिका होती. यामुळे सेजच्या घरात प्रथमपासूनच दोन दर्जे पडले. काही पॅकेजे कायम नोकरीतली: सॉफ्टवेअर घेतले की ती येतातच. काही ऐच्छिक: ज्याला गरज असेल त्याने मागून घ्यावीत. ऐच्छिक पॅकेजांना मी मनातल्या मनात उमेदवार म्हणतो. जुन्या कचेरीत उमेदवार जसा बिनपगारी येऊन कोपऱ्यात बसे, त्याचे अक्षर आणि हिशेब पारखला जाई, आणि मग एखादे दिवशी त्याचे नाव हजेरीपटावर चढे, तसेच यांचे होते.

होमफ्लीची हकीकत याचा उत्तम नमुना आहे. रॉबर्ट जेन्किन्स यांनी १९८९ साली, म्हणजे बहुपदीच्या जन्मानंतर चारच वर्षांनी, ती काढून देणारी एक आज्ञावली लिहिली होती आणि ती सर्वांना खुली करून टाकली होती. ती वेगवान होती. पण ती होती स्वयंपूर्ण, एकांडी. तिला दुसऱ्याच्या घरात वागण्याची सवय नव्हती. सेजमध्ये गाठींचे स्वतंत्र दालन उघडले गेले ते २०१४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, आणि त्या उद्योगात पुढे असलेले स्पेनमधील झारागोझाचे मिगेल मार्को यांनी जेन्किन्स यांच्या त्या जुन्या आज्ञावलीला असे रूप दिले की दुसरी आज्ञावली तिला हाक मारून उत्तर घेऊ शकेल. पाव शतक पडून असलेले हत्यार ऐच्छिक पॅकेज म्हणून आत आले, आणि काही वर्षांची उमेदवारी करून कायम झाले. आज सेजला होमफ्ली मागितली तर तिन्ही वहिवाटींपैकी कोणती हवी ते सांगण्याची सोय आहे.

पण खरी कसोटी लागली ती नोंदवही आत घेताना. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे चार्ल्स लिव्हिंगस्टन आणि कोरियाचे जे चून चा यांनी नॉटइन्फो नावाची एक सारणी वर्षानुवर्षे जोपासली होती: बारा ओलांडण्यांपर्यंतच्या, साधे कडे सोडून, २,९७७ गाठी, आणि प्रत्येकीपुढे तिच्या गुणधर्मांचे शेकड्याच्या घरातले रकाने. २०२०-२१ च्या सुमारास सेजच्या एका कार्यकर्त्याने ही सारणी ऐच्छिक पॅकेज म्हणून सेजला जोडली. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय आहे? तक्ता उचलायचा आणि ठेवायचा. वस्तुतः तक्त्यातील प्रत्येक रकाना हा एक तर्जुम्याचा प्रश्न होता. सारणीतील बहुपदी ही केवळ अक्षरांची ओळ. सेजमध्ये ती बेरीज-गुणाकार करता येईल अशी जिवंत राशी व्हायला हवी. एकाने धन मानलेली ओलांडणी दुसऱ्याकडे ऋण असू शकते, एकाची टी ही दुसऱ्याच्या टीचा व्यस्त असू शकते. आणि ज्या संकोचाने टेट यांनी डाव्या-उजव्याला एकच नाव दिले तो येथे व्याजासह वसूल झाला, कारण नावावरून गाठ मागणाऱ्याला तिचे कोणते प्रतिबिंब मिळणार हे आता कोणीतरी ठरवायलाच हवे होते.

जोडणाऱ्याने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही मला फार शहाणपणाच्या वाटतात. ज्याने पॅकेज मागवलेले नाही त्यालाही मोजक्या गाठींचा नमुना पाहायला मिळतो, म्हणजे दारात उभे राहून दुकान कसले आहे ते कळते. आणि बहुपदी मागताना सेजच्या वहिवाटीने रूपांतरित केलेली हवी की सारणीत जशी लिहिली आहे तशी मूळ हवी, हे विचारता येते. मोडी कागदाची बाळबोध नक्कल देताना मूळ कागद जपून ठेवणारा दप्तरदार आणि तो रद्दीत टाकणारा दप्तरदार यांत जो फरक, तोच येथे आहे. लिटल यांच्या बेरजेचा प्रकार पुन्हा कधी झाला तर चूक मूळ वहीतली की तर्जुम्यातली, हे निवाड्याला घेता येईल. आज्ञावलीच्या टाचणांत लिहिलेली उदाहरणेही चाचणीच्या वेळी आपोआप चालवून पाहिली जातात, सेजने स्वतः काढलेले उत्तर आणि सारणीतली नोंद जुळते का हे त्यांत ताडले जाते, आणि जी उदाहरणे या पॅकेजावाचून चालणार नाहीत त्यांच्यापुढे ते ऐच्छिक असल्याचा शेरा मारलेला असतो.

ही वाक्ये लिहिण्यापूर्वी मी मेजावर सुतळीचा एक तुकडा घेतला. अलेक्झांडर यांनी १९२३ सालीच सिद्ध केले आहे की कोणतीही गाठ म्हणजे टोके सांधलेली वेणी होय. त्रिदलाला तर दोनच पेड पुरतात, एकाच बाजूने तीन वेळा पिळलेले. पिळले, टोके सांधली, आणि आपण उजवे त्रिदल केले अशा खात्रीने संगणकाला दोन पेडांची तीच वेणी सांगून जोन्स बहुपदी विचारली. घात ऋण आले. सुतळी उलटीपालटी करून पाहिली, तिने काहीच फरक पडत नाही हे ठाऊक असूनही. मग आरशापुढे धरली, तेव्हा आरशातली गाठ संगणकाशी जुळली की माझ्या हातातली, याविषयी मनात पुन्हा संशय उत्पन्न झाला. शेवटी ओलांडणीच्या चिन्हाची व्याख्या कागदावर बाणांसह काढली, आणि कळले की पेड मोजताना मी पहिला पेड वरून नेला होता, यंत्राने खालून. सुतळी तशीच सांधलेली मेजावर पडली आहे. ती कोणती आहे ते मी तिला कागदाची चिठ्ठी बांधून लिहून ठेवले आहे, आणि चिठ्ठी बांधली आहे ती सुरगाठीने.